सायकल दुरुस्तीचे दुकान ते किर्लोस्करवाडी : लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाटचाल

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या महामार्गावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पातूर हे तालुक्याचे गाव लागते. रेणुकामातेची टेकडी आणि डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी ही त्याची ओळख. वऱ्हाडातील तालुक्याच्या कोणत्याही गावी रस्त्याकडेला दुचाकी दुरुस्तीची दुकाने असतात आणि पातूर त्याला अपवाद नाही. पावसाळ्यात या दुकानांचे काम वाढते, कारण काळ्या मातीचा गारा चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसतो, साखळीत शिरतो, ब्रेकच्या ड्रममध्ये जातो. शेतावरून आलेल्या मोटारसायकलच्या इंजिनाची तक्रार तशी कमीच असते. तक्रार असते ती लहानसहान वस्तूंची. क्लचची वायर तुटते, आरशाचा नट ढिला होतो, हॉर्नच्या जोडणीवर गंज चढतो, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी लेगगार्डचा बोल्ट निसटतो, साडीगार्डचा एक पाय सुटून चाकाशी खडखडू लागतो. शोरूममध्ये गाडी विकत घेताना ज्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, त्याच वस्तू पुढे गाडी घरी पोहोचणार की वाटेत ढकलावी लागणार, हे ठरवतात.

या वस्तूंची निगा राखण्यात विद्वत्तेचे काही नाही, नेमकेपणा मात्र पुष्कळ आहे. साखळी मधोमध बोटाने वरखाली केली असता साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलावी. त्याहून जास्त हलली तर ती ताणावी लागते, आणि मुळीच हलली नाही तर तिचा भार बेअरिंगवर येऊ लागलेला असतो. स्पोकवर पान्ह्याने हलकेच टिचकी मारली असता सर्वांचा नाद जवळपास सारखा यावा. ज्याचा नाद बद्द येतो तो ढिला झालेला असतो आणि त्याच्या वाट्याचे ओझे शेजारचे स्पोक वाहत असतात. बॅटरीची टोके घासून त्यांवर व्हॅसलीनचा लेप दिला की गंज दूर राहतो. वायरच्या आवरणात वर्षातून एकदोनदा तेल सोडले तर ती अचानक तुटत नाही. चांगला मेकॅनिक हे सारे हाताने आणि कानाने ओळखतो.

मोटारसायकलच्या अंगावरील या वस्तूंचे कुळ शोधत गेले तर ते सायकलपाशी पोहोचते. साखळी, दंतचक्र, स्पोक, गोळ्यांचे बेअरिंग, हवा भरलेला टायर, मडगार्ड आणि दिवा हे सर्व आधी सायकलवर सिद्ध झाले आणि मग इंजिनाच्या गाडीवर चढले. इंग्लंडमध्ये मागच्या चाकाला साखळी जोडलेली ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल 1885 मध्ये आली. जॉन डनलॉपने हवेच्या टायरचा शोध 1888 मध्ये नोंदवला. एनफिल्डने पहिली मोटारसायकल 1901 मध्ये आणि ट्रायम्फने 1902 मध्ये बनवली. या दोन्ही कंपन्या त्याआधी सायकली बनवत असत. भारतातही तेच घडले. लुधियानात सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या मुंजाल बंधूंनी 1956 मध्ये हीरो सायकल्सची स्थापना केली आणि 1984 मध्ये जपानच्या होंडाशी भागीदारी करून मोटारसायकलच्या धंद्यात पाऊल टाकले.

महाराष्ट्राच्या उद्योगाचा एक मोठा वृक्षही सायकलच्या दुकानातूनच वाढला आहे. ज्या 1888 साली डनलॉपने आपला टायर नोंदवला, त्याच साली बेळगावात दोन भावांनी सायकलींचे दुकान काढले आणि त्याला ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ असे नाव दिले. थोरले रामचंद्रराव, म्हणजे रामूअण्णा, आणि धाकटे लक्ष्मणराव. पुढे ज्यांच्या कारखान्याचे लोखंडी नांगर आणि पंप शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले ते हेच लक्ष्मणराव. त्यांच्या चरित्रात नांगराला आणि किर्लोस्करवाडीला पानेच्या पाने मिळतात, सायकलच्या दुकानाला मात्र एखाददुसरा परिच्छेद. वास्तविक पुढच्या सर्व कामाची दिशा त्या दुकानाने ठरवली असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. अशा घरातील मुलाने शास्त्र शिकावे, नाहीतर इंग्रजी शिकून कचेरीत शिरावे, हा त्या काळचा राजमार्ग होता. लक्ष्मणाचे लक्ष शालेय पुस्तकांत रमले नाही. चित्रे काढणे आणि वस्तू उघडून त्यांचे आतले काम पाहणे हे त्याचे छंद. वडिलांना हे रुचणारे नव्हते, परंतु थोरल्या भावाने पाठराखण केली आणि 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. रेषेवर उत्तम हुकमत असलेल्या या विद्यार्थ्याला काही रंग ओळखू येत नाहीत, तो अंशतः रंगांध आहे, हे ध्यानात आले. चित्रकार होण्याची वाट तेथेच खुंटली. एखादा तरुण निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा ठेवली. यांत्रिक आरेखनाला रंग लागत नाही, माप लागते. त्यात ते इतके तयार झाले की 1887 मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेत, त्यांना आरेखनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. संस्थेच्या कार्यशाळेतील यंत्रे ही त्यांची खरी पाठशाळा ठरली. कागदावर काढलेला भाग लोखंडात कसा उतरतो, कोठे अडतो, कोठे झिजतो, याचे शिक्षण तेथे झाले. पदवी त्यांच्या नावापुढे कधी लागली नाही.

सायकल त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती मुंबईतच. तिच्याविषयीचे कुतूहल लवकरच व्यवसायाच्या कल्पनेत बदलले. मुंबईत लक्ष्मणरावांनी सायकली घ्यायच्या, बेळगावला धाडायच्या आणि तेथे रामूअण्णांनी त्या विकायच्या, अशी ही दोन टोकांची व्यवस्था होती. सायकल त्या वेळी साहेबांची आणि श्रीमंतांची चैन होती. तिची किंमत कित्येकशे रुपयांच्या घरात जाई. बेळगाव हे लष्करी छावणीचे आणि कचेऱ्यांचे शहर असल्यामुळे असे गिऱ्हाईक तेथे होते. परंतु नुसती सायकल हाती देऊन भागत नसे, कारण ती चालवायची कशी हे घेणाऱ्याला ठाऊक नसे. म्हणून रामूअण्णा चालवायला शिकवत आणि त्याचे शुल्क वेगळे घेत. बिघडलेली सायकल दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच दुकानात येई.

आज हे सारे साधे वाटते. त्या काळच्या सायकलकडे नीट पाहिले तर ते तितके साधे नव्हते, हे कळते. रस्ते खडीचे आणि धुळीचे. टायर आरंभी भरीव रबराचे आणि नंतर हवेचे. भरीव टायरने हादरे बसून नटबोल्ट ढिले होत. हवेच्या टायरला काटा लागे. पेडलच्या दांड्याला धरून ठेवणारी खीळ बोटभरही नसते, पण ती झिजली की पेडल डुगडुगू लागते आणि थोड्याच दिवसांत दांड्याचे भोकही खराब होते. बेअरिंगच्या गोळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या. त्यातील एक फुटली तरी चाक अडते. साखळीला धूळ आणि तेल मिळून चिकटा धरतो. दिव्याची वात, घंटेची कमान, बसणीची स्प्रिंग, ब्रेकचा गुटका हे सर्व भाग परदेशातून आगबोटीने येत. एखादी खीळ हरवली तर ती विलायतेहून मागवून येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून उभी राहणार. दुरुस्तीच्या दुकानाला यातून एकच मार्ग असतो. हरवलेला भाग हाताशी असलेल्या लोखंडातून, मूळ मापाबरहुकूम, आपणच घडवायचा. दुरुस्ती करणारा माणूस बनवणारा होतो तो असा.

अमेरिकेतील डेटन शहरात ऑर्व्हिल आणि विल्बर राइट या भावांनी सायकल विक्री व दुरुस्तीचे दुकान काढले ते 1892 मध्ये, बेळगावच्या दुकानानंतर चार वर्षांनी. सायकलसारख्या साखळ्या आणि दंतचक्रे त्यांनी 1903 च्या विमानात वापरली. जपानच्या सोइचिरो होंडांचे वडीलही लोहारकाम आणि सायकल दुरुस्ती करीत असत. जगात इतक्या ठिकाणी सायकलच्या दुकानातून यंत्रकार का निघाले, याचे उत्तर बहुधा त्या लहान भागांतच आहे. आगगाडीचे इंजिन सामान्य माणसाला उघडता येत नव्हते. सायकल हे सर्व भाग उघड्यावर असलेले, एका माणसाला संपूर्ण खोलून पुन्हा जोडता येईल असे पहिले आधुनिक यंत्र होते.

लक्ष्मणरावांची मुंबईतील नोकरी दहाएक वर्षे चालली. संस्थेत बढतीची जागा निघाली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. गोऱ्या कातडीला मिळणारे झुकते माप तेव्हा नवीन नव्हते, आणि बहुतेक लोक ते गिळून नोकरी करीत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि 1897 च्या सुमारास ते बेळगावला भावाकडे परतले. पुढे त्यांनी कधी कोणाची नोकरी केली नाही.

बेळगावात दुकानाबरोबर छोटा कारखाना आला. पवनचक्क्या बसवून देणे, मिळेल ते लोखंडकाम करणे असे चालू असताना त्यांचे लक्ष शेतीकडे गेले. भोवताली सारा शेतकरी समाज, आणि त्याच्या हाती शतकानुशतके तीच लाकडी औजारे. पहिले यंत्र त्यांनी केले ते कडबा कापण्याचे. सबंध कडबा टाकला की जनावर पाने खाते आणि धांडे तुडवते. बारीक कापून दिला तर तोच कडबा अधिक दिवस पुरतो. हे यंत्र शेतकऱ्याला पटले. त्यानंतर आला लोखंडी नांगर, आणि तेथे लक्ष्मणरावांची खरी कसोटी लागली.

नांगर तयार होऊन पडले, पण घेणार कोणी मिळेना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. ही हकीकत सांगताना शेतकऱ्याच्या अडाणीपणावर बोट ठेवून मोकळे होण्याची पद्धत आहे. ती न्याय्य नाही. अमेरिकेत न्यूजर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने 1797 मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनीही लोखंड जमीन नासवते असे म्हणून तो नाकारला होता. त्या नांगरात आणखी एक खोट होती. तो एकसंध ओतलेला असल्याने फाळ झिजला की अख्खा नांगर निकामी होई. जेथ्रो वुडने 1819 मध्ये झिजणारे भाग सुटे बदलता येतील असा नांगर केला आणि तेव्हापासून लोखंडी नांगराला तेथे पाय फुटले. शेतकऱ्याच्या तोंडी विषाची भाषा असली तरी त्याच्या मनातला हिशेब निगेचा आणि दुरुस्तीचा असावा, असे मानायला यातून जागा मिळते.

आपल्याकडचा हिशेब तर अधिकच स्पष्ट होता. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार तो दुपारपर्यंत सांधून देई आणि मोबदला सुगीला बलुत्यात घेई. वऱ्हाडात नांगरापेक्षा वखराचा वापर अधिक. त्याची पास बोथट झाली की गावचा लोहार पाजवून देई. सारी देखभाल हाकेच्या अंतरावर होती. बेळगावात ओतलेला नांगर ऐन हंगामात मोडला, तर त्याचा भाग कोण देणार, केव्हा देणार आणि किती पैसे घेणार? मृग चार दिवसांवर आलेला असताना हा प्रश्न अंधश्रद्धेचा राहत नाही. दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी झालेल्या माणसालाच तो पुरता समजू शकत होता.

विक्री सुरू झाल्यावर तक्रारही आली, आणि ती याच जागी बोट ठेवणारी होती. फाळाचे टोक मऊ होते, ते लवकर झिजत होते. इतर सर्व अवयव शाबूत राहून वीतभर टोकापायी नांगर पडून राहणे म्हणजे खिळीपायी सायकल भिंतीला टेकणे. लक्ष्मणरावांनी ओतकामाची पद्धत सुधारली. वितळलेले लोखंड नुसत्या वाळूच्या साच्यात हळूहळू थंड झाले तर मऊ राहते. साच्यात फाळाच्या धारेच्या जागी लोखंडी पट्टी बसवली तर रस तिला लागताच झटकन थंड होतो आणि त्या भागाची पाठ काचेसारखी कठीण होते. आतला गाभा मात्र मऊ राहतो, म्हणून फाळ दगडाला लागून तडकत नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्समने 1803 मध्ये याच तत्त्वावर फाळाचे पेटंट घेतले होते. ही विद्या मराठी मुलखात पुस्तकी न ठेवता ओतशाळेत उतरवणे हे लक्ष्मणरावांचे कर्तृत्व. असा फाळ सुटा असतो, बोल्टने बसतो, झिजला की काढून दुसरा लावता येतो.

धंदा मूळ धरत होता तोच बेळगाव नगरपालिकेने उपनगराच्या आखणीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. यंत्रे, भट्टी, माणसे घेऊन जायचे कोठे? लक्ष्मणरावांकडे भांडवल नव्हते. याच सुमारास औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम त्यांच्याकडे सोपवले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, आणि 1909 मध्ये ते संस्थानाच्या गादीवर आले. कारागिराची अडचण त्यांनी ओळखली. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. संस्थानिकांच्या दातृत्वाच्या कथा पुष्कळ असतात आणि त्यांतील बऱ्याच शिकारीच्या व मेजवान्यांच्या असतात. हे कर्ज मात्र सत्कारणी लागले.

जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. पाणी तुटपुंजे, सापांचा सुळसुळाट, जवळ वस्ती नाही. त्या माळावर 10 मार्च 1910 रोजी कारखान्याची वसाहत सुरू झाली. सुमारे 25 कामगार आणि त्यांची कुटुंबे ही पहिली वस्ती. पुढे या जागेला किर्लोस्करवाडी हे नाव पडले. आज ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे आणि स्थानकही त्याच नावाने ओळखले जाते. जमशेदपूरचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हाच दक्षिण महाराष्ट्रात, त्याच्या तुलनेत नखाएवढ्या भांडवलावर, हे दुसरे औद्योगिक गाव वसत होते.

लक्ष्मणरावांनी माणसे कशी निवडली हे पाहण्यासारखे आहे. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार सांभाळला. मंगेशराव रेगे कारकुनी, हिशेब आणि माणसांची व्यवस्था पाहू लागले. शंभोराव जांभेकरांचा हात ओतशाळेवर आणि इंजिनावर बसलेला होता. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडली होती, पण यंत्ररचनेची कल्पकता त्यांच्या अंगी होती. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले आणि त्यांनी तो विश्वास राखला. प्रमाणपत्र, जात आणि पूर्वचरित्र यांपेक्षा माणूस हाती घेतलेले काम कसे करतो, एवढे येथे पाहिले जाई. ज्याला स्वतःला शाळेने आणि रंगांनी नाकारले होते, त्याने निवडीची ही रीत पाडावी यात नवल नाही. शाळेतील गुणांवर माणूस पारखण्याची आपली हौस शंभर वर्षांनंतरही फिटलेली नाही, हा भाग वेगळा.

पहिले महायुद्ध 1914 मध्ये सुरू झाले आणि परदेशी लोखंडाची आवक आटली. नांगराला मागणी होती, पण ओतायला धातू नव्हता. अशा वेळी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज मदतीला आले. पन्हाळगडावर निकामी पडलेल्या जुन्या तोफा त्यांनी वितळवण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले, ही कवीला सुचावी अशी गोष्ट. ओतशाळेच्या दृष्टीने ती कच्च्या मालाची निकड होती. आयात बंद पडल्यावर कारखाना थांबला नाही, याचे कारण तोफांइतकेच जुन्या सवयीतही होते. बाहेरून येणारा भाग आला नाही तर तो येथेच करायचा, हे बेळगावच्या दुकानाने शिकवलेले होते.

नांगरापाठोपाठ उसाचे लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाणी उपसण्याचे हातपंप निघू लागले. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही 1920 मध्ये मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्यातील दुवा म्हणून निघालेले हे पत्र वाढत वाढत मराठीतील एक प्रमुख मासिक झाले, आणि त्याच घराण्यातून पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके निघाली. या मासिकांच्या वाङ्मयीन कामगिरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा उगम औजारांच्या कारखान्यात, विकलेल्या यंत्राचे गिऱ्हाईक तुटू न देण्याच्या गरजेत होता, हे सहसा सांगितले जात नाही.

वऱ्हाडच्या काळ्या कापसाच्या जमिनीत लोखंडी नांगराचे महत्त्व निराळे होते. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसात चिकट लोण्यासारखी. दरवर्षी ती नांगरण्याची रीतच नव्हती. वखराच्या पाळ्या देऊन पेरणी होई आणि नांगर काही वर्षांनी एकदा चाले. त्यामुळे कुंदा आणि हरळी यांची मुळे खोल माजत. ती उपटून वर आणायला खोल जाणारा, अनेक बैलजोड्यांनी ओढायचा लोखंडी नांगर लागे. पातूर-बाळापूरकडील जमिनीत अशा नांगराच्या फाळावर किती ताण येत असेल, हे सांगायला यंत्रशास्त्र नको. उन्हाळ्यातील ढेकळांवर धार लवकर जाते. बदलता येणारा फाळ नसता तर या मुलखात लोखंडी नांगर एका हंगामाचा पाहुणा ठरला असता.

किर्लोस्करवाडीत 1926 मध्ये सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. विहिरीवरची मोट हळूहळू मागे पडण्याची ती सुरुवात. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून शिक्षण संपवून परतले. पुढचा विस्तार बहुतांशी या दुसऱ्या पिढीचा. हरिहर येथे 1941 मध्ये यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांचा कारखाना निघाला. बंगळूरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्याजवळ खडकीला तेलावरच्या इंजिनांचा कारखाना, हे दोन्ही 1946 चे. लक्ष्मणराव हे सर्व पाहायला होते. सत्तरी ओलांडली तरी त्यांचे यंत्रांवरचे लक्ष ढळले नाही, पण कारभाराची सूत्रे त्यांनी वेळीच पुढच्यांच्या हाती दिली. मराठी उद्योजकांत हे दुसरे कसब पहिल्याहून दुर्मीळ आहे.

लक्ष्मणरावांच्या वाटचालीत अपयशाचे प्रसंग थोडे नाहीत. रंगांनी दगा दिला, बढती गेली, नांगर पडून राहिले, जागा सोडावी लागली. प्रत्येक वेळी ते जे करताना दिसतात, ते दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या स्वभावाला धरून आहे. यंत्र बंद पडले म्हणून तो यंत्राला शिव्या देत बसत नाही. कोणता भाग गेला ते शोधतो आणि तेवढा बदलतो. विकण्यासाठी बनवणारा आणि टिकण्यासाठी बनवणारा यांच्यात फरक असतो, आणि तो जाहिरातीत दिसत नाही. तो दिसतो तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जेव्हा गिऱ्हाईक एखादा सुटा भाग मागायला येते आणि तो भाग मिळतो किंवा मिळत नाही. आज एखाद्या मॉडेलची मोटारसायकल बंद होते आणि काही वर्षांतच तिच्या दिव्याची काच किंवा स्विच मिळेनासा होतो. मग तालुक्याच्या गावातला मेकॅनिक दुसऱ्या गाडीचा भाग कानसून तेथे बसवतो. त्या कानशीत बेळगावच्या दुकानाचीच परंपरा आहे, फक्त तिला कोणी उद्योग म्हणत नाही.

लक्ष्मणरावांचे निधन 26 सप्टेंबर 1956 रोजी झाले. जन्मशताब्दीच्या दिवशी, 20 जून 1969 रोजी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. किर्लोस्करवाडीत आजही पंप बनतात, आणि बेळगाव शहरात ‘किर्लोस्कर रोड’ या नावाचा रस्ता आहे.